हेड उघडायच्या आधी थांब

इंदूर

प्रिय शिऱ्या,

काल रात्री तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. पिकअप गरम होऊन राहिली, मिस्त्री म्हणतो हेड गॅस्केट गेलं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालची (हेडखालची) सीलची पत्री, इंजिन उघडावं लागेल. फोनवर घाईत अर्धवट सांगण्यापेक्षा लिहूनच पाठवतो, म्हणजे तुला गॅरेजमध्ये उभं राहून वाचता येईल. आधी त्याला सांग की हेडला हात लावायचा नाही. तो बरोबर असेलही, पण खात्री करायला फारसा खर्च येत नाही आणि हेड एकदा उघडलं की खर्च कुठे थांबेल सांगता येत नाही.

आमची मंडपवाली पिकअप तुला माहीतच आहे, सेकंडहँड घेतलेली. शहरात एकदम शहाणी, राजवाड्याच्या गर्दीत रखडली तरी तापमानाचा काटा जागेवर. पण महेश्वरला लग्न उरकून गाद्या, खुर्च्या, जनरेटर भरून परत निघालो की धामनोद सोडून मानपूरचा चढ लागला रे लागला की काटा लाल. आणि थंडीत सकाळी रिकामी सुपर कॉरिडॉरवर पळवली तर काटा वरच यायचा नाही. हे दोन्ही एकाच गाडीत कसं, ते कळेना. तेव्हा ट्रान्सपोर्ट नगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने बोनेट उघडायच्या आधी एकच विचारलं, 'पहले ये बता, गरम कब होती है?'

तोच प्रश्न मी तुला विचारतोय. उभ्या गाडीत, ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर पळायला लागली की उतरते, तर हवेचा प्रॉब्लेम. फॅन बेल्ट ढिला, फॅनचा क्लच मेलेला, नाहीतर फॅनभोवतीचं कव्हर कोणीतरी काढून फेकलेलं. ते कव्हर लोकांना फालतू वाटतं पण ते नसलं की फॅन रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी आजूबाजूचीच हवा घुसळत बसतो. याच्या उलट, उभी असताना ठीक आणि लोडवर, चढावर तापते, तर बहुतेक पाणी पुरेसं फिरत नाहीये नाहीतर रेडिएटर आतून चोंदलाय. आमची दुसऱ्या प्रकारातली होती. तुझी कुठल्या प्रकारातली ते तू मेसेजमध्ये सांगितलंच नाहीस.

रेडिएटरचं झाकण आधी बघ, स्वस्त आहे म्हणून कोणी लक्षच देत नाही. ते नुसतं झाकण नाही, ते प्रेशर धरतं. 0.9 बारचं चांगलं झाकण असलं तर साधं पाणीसुद्धा 118 डिग्रीच्या आसपास उकळतं, आणि रबर कडक झालेलं असलं की शंभरच्या आतबाहेरच उकळून बाहेर येतं, मग आपण म्हणतो गाडी पाणी पिते. नवीन टाकताना जुन्यावर छापलेला आकडाच घे, जास्तीचा घेऊ नको, होज (पाण्याचा रबरी पाइप) नाहीतर रेडिएटर फुटेल. आणि गरम असताना झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही, कपडा धरूनही नाही, माझ्या चुलतभावाचा हात अजून बघ. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणारेही असतात, त्याने हेडला तडा जातो. गाडीत हीटर असेल तर फुल सोड, काच खाली कर, बाजूला घे आणि थंड होऊ दे.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा वॉल्व्ह. आमच्या मिस्त्रीने हाउसिंगचे बोल्ट काढले तर आत काहीच नाही. रिकामी खाच आणि कडेला सिलिकॉनचा जाड थर. आधीच्या कोणीतरी 'इसको निकाल दो, गाडी ठंडी चलेगी' म्हणून काढून टाकलेला. आपल्याकडे हे सर्रास चालतं आणि मला याचा खरंच राग येतो, कारण आमच्यासारख्या इंजिनात थर्मोस्टॅटच्या खालच्या बाजूला दुसरी छोटी चकती असते, वरचा वॉल्व्ह उघडला की ती बायपासचं भोक बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर ते भोक कायम उघडं, म्हणजे तापलेलं पाणी रेडिएटरकडे न जाता तिथूनच वळून परत इंजिनात. रिकामी गाडी थंडीत गरमच होत नाही, डिझेल जास्त खाते, आणि खरा लोड आला की उकळते. आमचा सगळा घोळ इथेच कळला.

नवीन आणला त्यावर 82 लिहिलेलं, म्हणजे तेवढ्या डिग्रीला उघडायला लागतो. बसवायच्या आधी घरी आईचं एक जुनं पातेलं घेतलं, दोऱ्याने पाण्यात लटकवला, तळाला टेकू दिला नाही, बाजूला थर्मामीटर धरला. ऐंशीपर्यंत ढिम्म, मग त्र्याऐंशीच्या सुमारास पितळी कडेला बारीक फट दिसली आणि नव्वद ओलांडल्यावर वॉल्व्ह पूर्ण खाली सरकला. गॅस बंद केला तसा हळूहळू मिटला. तू पण नवीनसुद्धा तपासून घे, डब्यातला आहे म्हणजे चांगलाच असतो असं नाही. बसवताना त्याच्यावरची छोटी पिन वरच्या बाजूला ठेवायची म्हणजे हवा निघून जाते.

पण नुसत्या त्याने भागलं नाही. चढावर फरक पडला, तरी काटा हवा तेवढा खाली येईना. मग इन्फ्रारेड गन मागून आणली आणि गरम इंजिनावर रेडिएटरवर फिरवली. वरून खाली हळूहळू उतरत जायला हवं, आमच्याकडे एका कोपऱ्यात अचानक गार पट्टा, म्हणजे तिथून पाणी जातच नाही. रेडिएटरवाल्याने टाकी उघडली तर नळ्यांच्या तोंडाशी पांढरट खडे, बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेलं. माळव्यात बोअरचं पाणी किती जड ते तुला सांगायला नको, किटलीत बसतो तोच थर. आमचा तांब्या-पितळेचा जुना कोअर होता म्हणून रॉडिंग झालं, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ केलं. तुझा ॲल्युमिनियमचा आणि प्लास्टिक टाकीचा असेल तर रॉडिंगच्या भानगडीत पडू नको, नवीन बघ. नंतर डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मंनिम्मं, आणि हवा निघेपर्यंत झाकण उघडं ठेवून थंड गाडी चालू करून बसायचं. काढलेलं जुनं कूलंट रस्त्यावर ओतू नको हां, चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

एवढं करूनही तापली तरच हेडचा विचार. थंड गाडीत झाकण काढून चालू कर, सुरुवातीचे बुडबुडे सोड, पण ते थांबतच नसतील तर खरं. झाकण लावून थंड गाडी चालू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला तर तेही लक्षण, इतक्यात पाणी तापून प्रेशर येत नसतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस आहे का बघ. आणि एक निळ्या पाण्याची टेस्ट असते, रेडिएटरच्या तोंडावर लावायची, जळालेला गॅस येत असेल तर निळं पाणी हिरवट नाहीतर पिवळं पडतं. त्यात निघालं तर मात्र उघडायला सांग, पण हेड पट्टीवर तपासून, लागलं तर फेसिंग करून (घासून सपाट करून), आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच, कंपनीच्या क्रमाने. अंदाजाने आवळणारा असेल तर गाडी उचलून आण, ग्वाल्हेरहून इंदूर काही परदेश नाही, आमचा म्हातारा करेल.

तर आधी मला एवढं पाठव: कधी तापते, उभी असताना का लोडवर. थंडीत काटा वर यायचा का. आणि दोन्ही होज आणि फॅनच्या कव्हरचा फोटो. त्या मिस्त्रीला विचार, थर्मोस्टॅट आत आहे का, आणि स्वतः उभा राहून हाउसिंग उघडायला लाव. वहिनींना नमस्कार, काकूंना सांग की लिंबाच्या लोणच्याची बरणी अजून पोचली नाही.

तुझा,
पक्या