रस्त्याच्या कडेची पट्टी तेवढी नीट करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सिंहस्थाच्या निमित्ताने नाशकात रस्त्यांची जी काही कामं चाललीयत त्यावर तुमच्या पेपरात रोज काही ना काही असतंच, कुठला रस्ता किती पदरी, कुठं पूल, कुठं वाहतूक वळवली वगैरे. पण डांबर जिथं संपतं त्या कडेला नक्की काय होतं यावर कुणी लिहिलेलं निदान माझ्या तरी वाचनात नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहून टाकावं. त्या कडेबद्दल बोलायचा मला थोडा जास्त हक्क आहे असं मी समजते, कारण बरेच महिने झाले मी त्याच कडेने एका चाकावरून जातेय.

हो, एकाच चाकावरून. युनिसायकल म्हणतात. "ताई, पुढचं चाक कुठं पडलं?" हा विनोद त्र्यंबक रस्त्यावर सातपूर ते महिरावणी एवढ्या पट्ट्यात इतक्यांनी केलाय की आता कुणीतरी नवीन शोधा प्लीज.

मी त्रेचाळीस वर्षांची, सातपूरला एका कंपनीत अकाउंट्स बघते, खेळाडू वगैरे कधीच नव्हते. ठरवलंय एवढंच की उन्हाळा तापायच्या आधी एका दिवसात नाशिक-त्र्यंबक-पहिने-घोटी आणि मग वाडीवऱ्हे, विल्होळी करत परत नाशिक अशी फेरी पूर्ण करायची, पहाटे निघून अंधार पडायच्या आत घरी. नव्वद-पंचाण्णव किलोमीटर होतात. सायकलवाले म्हणतील यात काय एवढं, आणि बरोबरच आहे त्यांचं, आपल्या गावातले डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ 2015 ला अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलने पार करणारी रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण करून आले, ती रेस पूर्ण करणारी पहिली भारतीय टीम त्यांची. दरवर्षी शेकडो लोक नाशिकहून पंढरपूरला सायकल वारी करतात. अशा गावात पंचाण्णव किलोमीटरचं कौतुक कोण करणार. पण एका चाकाचं गणितच वेगळंय, ते सांगितल्याशिवाय माझं कडेचं रडगाणं कळायचं नाही.

साध्या सायकलला गिअर असतो, फ्रीव्हील असतं. मोठ्या गिअरवर एकदा पायडल पूर्ण फिरवलं की सहा मीटर पुढं, आणि उतार आला की पाय थांबवून मस्त बसून राहायचं. युनिसायकलला यातलं काहीच नाही. पायडल थेट चाकाच्या दांड्यालाच जोडलेलं, चाक फिरलं की पाय फिरणार, पाय थांबले की चाक थांबणार आणि तुम्ही खाली. माझं चाक 29 इंची, म्हणजे एका फेरीला सव्वादोन मीटरच्या थोडं वर. मिनिटाला ऐंशी फेऱ्या मारल्या तर ताशी अकरा किलोमीटर पडतात, म्हणजे पूर्ण फेरीला न थांबता साडेआठ-नऊ तास आणि चाळीस हजारांच्या वर पायडल. लांबच्या राइडला लोक 36 इंची चाक घेतात, त्यावर एका फेरीला पावणेतीन मीटरच्या वर अंतर कटतं. एड प्रॅट नावाचा इंग्लंडचा मुलगा तर 36 इंची चाकावर सामान लादून 2015 ला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी घरून निघाला आणि जगाला फेरी मारून 2018 ला परत आला. मी मुद्दाम 29 घेतलं, कारण माउंटन बाइकचं टायर-ट्यूब त्याला चालतं आणि ते आपल्याकडे कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतं. 36 चं टायर फाटलं तर घोटीत काय करणार, तांदळाच्या मिलमध्ये विचारणार?

उतारच जास्त जीव खातो हेही लोकांना पटत नाही. चढाला दम लागतो, ठीकय, त्र्यंबक नाशिकपेक्षा शंभरेक मीटर उंच आहे आणि तो चढ इतका हळूहळू येतो की कारमध्ये बसून कळतही नाही, मांड्यांना मात्र बरोबर कळतो. पण उतरताना चाक पळायला बघतं आणि तुम्हाला पायाने ते मागं रेटून धरावं लागतं, सगळा भार गुडघ्यावर. माझ्याला सीटखाली ब्रेकची मूठ आहे, पण तो जोरात दाबला की माणूस पुढं फेकला जातो, त्यामुळे अगदी अलगद, दोन बोटांनी, आणि पाय चालूच. सीटचं दुखणं तर काय सांगावं, वजन हँडलवर टाकायची सोयच नाही, सगळं सीटवर. म्हणून दर चार-पाच किलोमीटरला उतरायचं, दोन मिनिटं चालायचं, पाणी प्यायचं, परत चढायचं. आणि कशाला न धरता भर रस्त्यात चढणं ही एक वेगळीच विद्या आहे. ती मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आधी ग्रिल धरून आणि मग ग्रिल सोडून शिकले, वॉचमनकाका रोज खुर्ची घेऊन बघायला बसायचे. सासूबाईंनी फक्त एकदा विचारलं, हेल्मेट आहे ना? मग बरं.

आता मुद्दा. एका चाकावर पुढं-मागं तोल जो राहतो तो चाकाच्या वेगाने. पुढं झुकलात की जोरात पायडल मारून चाक परत स्वतःच्या खाली आणायचं, हे सतत चालू, अगदी सरळ रस्त्यावरसुद्धा. डावा-उजवा तोल चाक वळवून. त्यामुळे रस्ता जिकडं कलतो तिकडं चाक ओढ घेतं, दोन चाकांच्या सायकलला जे जाणवतही नाही ते इथं कंबरेला जाणवतं. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार देतात, तो द्यायलाच हवा. पण आपल्याकडे जुन्या थरावर नवा थर चढवताना मधला रस्ता गुळगुळीत करतात आणि कडेची हात-दीड हात पट्टी तशीच सोडतात, नाहीतर घाईत दाबतात, त्यामुळे ती एकदम घसरगुंडीसारखी कललेली असते. अर्धा तास त्यावर चालवलं की डावीकडे ओढ घेणाऱ्या चाकाला उजवीकडे सावरून सावरून माझी पाठ एका बाजूने आखडते. आणि त्या पट्टीच्याही पुढं डांबर आणि खालचा मुरूम यात चांगलं चार बोटांचं अंतर. मागून बस आली, हॉर्न दिला, बाजूला व्हावं तर कुठं? त्या चार बोटांवरून एक चाक खाली उतरूच शकत नाही, मी उडी मारून उतरते आणि सायकल मुरमात.

मी पडले तर माझी हौस, मान्य. पण ही कड काही एकट्या माझी नाही हो. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या येतात तेव्हा जाऊन बघा. मी एकदा एका दिंडीच्या मागोमाग बराच वेळ पायी होते, युनिसायकल हातात धरून, कारण ओव्हरटेक करायला जागाच नव्हती. पुढं एक आजोबा, डोक्याला उपरणं बांधलेलं, हातात पताका, गाडी आली की मुरमात उतरायचे, गाडी गेली की परत डांबरावर, आणि दर वेळी त्या काठावर चप्पल निसटायची ती पायाच्या अंगठ्याने ओढून घ्यायचे, अभंग चालूच. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला तर माणसांचा पूरच येतो आणि तोही भर पावसात. शिवाय रोजचे सायकलवरून कंपनीत जाणारे कामगार, शाळेची पोरं, डोक्यावर पाटी घेऊन रस्त्याने येणाऱ्या बायका. सिंहस्थात तर विचारायलाच नको, 2027 च्या पर्वकाळात वाहनं लांब अडवली की लाखो लोक याच रस्त्यांनी पायी जाणार. म्हणजे एवढा खर्च करून रुंद केलेल्या रस्त्याचा सर्वात जास्त वापर पायी चालणारेच करणार आणि ते कडेनेच चालणार ना!

दुसरी गोष्ट त्या जाड पांढऱ्या पट्ट्यांची. फाटा आला, शाळा आली की ओळीने पाच-सहा टाकून ठेवतात, गाड्यांचा वेग कमी व्हावा म्हणून, चांगलंय, हव्यातच. पण त्या पार शेवटच्या इंचापर्यंत नेतात. कारवाल्याला नुसतं गुरगुर होतं. सायकलवाल्याचे हात बधिर होतात, मला तर सीटमधून थेट डोक्यापर्यंत हादरे, आणि पाऊस पडला की तो रंग निसरडा होतो ते वेगळंच. कडेला हातभर जागा पट्टीशिवाय सोडली तर गाड्यांचा वेग काही वाढणार नाही, चारचाकी त्या हातभरातून जातच नाही. रंगही वाचेल उलट.

आणि तिसरं गाडीवाल्यांना, यात सरकारचा काही संबंध नाही. व्हिडिओ काढायचाय? काढा, मला लाज नाही. पण लांबून काढा. बाइकवर मागं बसलेला मोबाइल धरून माझ्या कोपराला लागेल इतका जवळ येतो आणि पुढचा चालवणारा रस्ता सोडून माझ्याकडे बघत चालवतो, हे मला खड्ड्यांपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. मी नजर पुढं वीस-पंचवीस फुटांवर ठेवून चालवते, ती हलली की तोल गेला. "मॅडम, इकडं बघा ना" म्हटल्यावर मी नाही बघत, त्याला लोक शिष्ट समजतात, समजोत. कौतुकाने हॉर्न वाजवणारे पण असतात, त्यांना काय बोलणार, त्यांचं मन मोडवत नाही पण दचकायला होतंच. मिस्टर अॅक्टिवावर पाणी घेऊन मागं असतात, त्यांचा अर्धा वेळ लोकांना हात दाखवून लांब करण्यात जातो.

अजून एक विचारतात, कशासाठी करताय? कुठला संदेश? पर्यावरण का, बेटी बचाओ का? हल्ली कुठंही सायकलने गेलं की टी-शर्टवर काहीतरी छापलेलं लागतंच असं झालंय. माझा काही संदेश नाहीये. जमतंय का बघायचंय, बस. रेकॉर्ड नाही, निधी नाही, नारळ फोडायला नगरसेवक नाहीत. अंजनेरीचा डोंगर डाव्या हाताला दिसायला लागला की मला आतून बरं वाटतं, एवढं कारण मला पुरतं.

तर ज्यांच्या ताब्यात हे रस्ते असतील त्यांना विनंती एवढीच की आत्ता काम चालू आहे, रोलर जागेवर आहे, तोवर कडेची मीटरभर पट्टी मधल्या रस्त्याच्याच थरात घ्या, शेवटचा काठ मुरूम भरून, दाबून सारखा करा आणि जाड पट्ट्या काठापासून हातभर अलीकडे थांबवा. नंतर परत उकरून करायचं म्हटलं तर ते होणार नाही हे तुम्हालाही माहितीय. आणि या विभागातल्या कुणी इंजिनिअरने हे वाचलं तर एकदा गाडीतून उतरून सातपूरपासून महिरावणीपर्यंत डाव्या कडेने पायी चालून बघावं, एकच चाक पाहिजे असं काही नाही.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक