रेड कार्ड बदलताना

आर्वी, वैशाख

प्रिय मित्रा,

सर्व्हरचं रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र बांधून चालवणारं कार्ड) गेलं असं लिहिलंस, पण नवं मागवण्याआधी तेच एकदा काढून पुन्हा बसवून पाहजो. तुझा सर्व्हर जिनिंगच्या ऑफिसात आहे. रुईचे तंतू पंख्यांतून आत ओढले जातात आणि कार्डाच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर) त्यांचा थर जमतो. मग कार्ड तापून बंद पडतं आणि थंड झालं की पुन्हा दिसतं.

साफ करूनही चूक येत असेल तर कार्ड दुसऱ्या रायझरवर (कार्डांचे स्लॉट असलेल्या, बोर्डात खोचलेल्या पट्टीवर) लावजो. चूक कार्डासोबत तिकडे गेली तर कार्ड खराब, जुन्या जागीच राहिली तर रायझर. मात्र काही स्लॉट दुसऱ्या सीपीयूचे असतात. त्या सीपीयूची जागा (सॉकेट) रिकामी असेल तर तिथं चांगलं कार्डही दिसत नाही.

शटडाऊन केलं म्हणजे वीज गेली असं नाही, स्टँडबायची ३.३ व्होल्ट स्लॉटात राहतेच. पॉवर सप्लाय दोन असतात, एक यूपीएसवर अन् एक थेट लाइनवर. लोक एकच केबल काढतात. तू दोन्ही काढ आणि पॉवर बटण १५ सेकंद दाबून धर. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्थिर वीज पटकन साठते, म्हणून मनगटाचा पट्टा रॅकच्या उघड्या धातूला लावल्याशिवाय आत हात घालू नको.

केबलींवर टेप लावून नंबर लिही. रायझर सरळ वर उचल, वाकडा ओढू नको. कार्ड कडेला धर. सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूस. खोडरबर घासलं तर मुलामा निघतो. ब्रॅकेटची (कार्डाच्या टोकाच्या धातूच्या पट्टीची) उंची जुन्या कार्डाशी जुळते का तेही आधीच बघून घे.

आता खरं जिवावरचं काम. कार्ड त्याच मॉडेलचं घे, त्याचं फर्मवेअर (कार्डातलं सॉफ्टवेअर) जुन्याहून मागचं नको, आणि बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिल्याशिवाय सुरुवात करू नको. सुरू होताच नवं कार्ड डिस्कवरची रचना 'फॉरेन', म्हणजे परकी, म्हणून दाखवेल. तिथं 'इम्पोर्ट' निवडायचं. 'क्लिअर' केलं तर रेडची रचना पुसली जाते, आणि 'इनिशियलाइज' केलं तर शेतकऱ्यांच्या काट्याच्या पावत्यांचा सगळा हिशोब जाईल. घाई झाली तर थांब, मला फोन कर.

मशीन लागलं की लेन (कार्ड अन् बोर्ड यांच्यातल्या डेटाच्या वाटा) किती जुळल्या ते लिनक्सच्या एलएसपीसीआय (lspci -vv) कमांडनं बघ. ८ लेनच्या कार्डाला ४ च मिळाल्या, तर कार्ड पूर्ण बसलेलं नाही किंवा तो स्लॉटच तेवढा आहे. नव्या कार्डावर बॅटरी असेल तर ती भरेपर्यंत लिहिण्याचा वेग कमी राहील. तेवढ्यावरून पुन्हा उघडू नको.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा मित्र