दादाशी तू बोल

प्रिय बंड्या,

इकडे सगळे ठीक. माझा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, चालायचंच. लिहायला बसलो ते दादासाठी.

त्याचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि त्या दिवसापासून त्याने तेलाशी उभा दावा मांडलाय. शेंगदाणे बंद, अक्रोड बंद, भाजी नुसती उकडलेली. 'फॅट फ्री' छापलेली बिस्किटं मात्र चहाबरोबर पाकीटभर! काल तर गाजराच्या किसावरचे तीळ त्याने एकेक करून वेचले आणि ताटाच्या कडेला रांगेत लावले. माझ्या पोटात कालवलं रे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील. तू त्याच्या हातचं खाऊन वाढलास, तुला कळेल.

अरे, गाजरातलं कॅरोटीन अंगी लागायलाच थोडं तेल लागतं आणि हा नेमके तीळ काढतोय! कमी करायचं ते लोणी, तूप, चरबीचं मांस, त्यातलं संपृक्त फॅट. त्याजागी शेंगदाण्याचं नाहीतर सूर्यफुलाचं तेल, सुकामेवा, बिया आल्या की वाईट कोलेस्टेरॉल उतरतं. पण मैदा आणि साखर आली तर काय साधलं? डाळी, कडधान्यं तो खातोय, तेवढं बरं आहे. त्यातला विरघळणारा चोथाही कोलेस्टेरॉल थोडं खाली आणतो.

वनस्पतीचं ते सगळं चांगलंच, असं म्हणत तू खोबरेल तेलावरून माझ्याशी अबोला धरला होतास, आठवतं? त्यात संपृक्त फॅट ८० टक्क्यांच्या वर असतं, लोण्यापेक्षाही जास्त. मी आजही तेच म्हणेन, चिडायचं तर चीड! जवसाचं मात्र तू म्हणायचास ते पटतं. अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात, कुटूनच खावेत.

दादाची भीती अगदीच खोटी नाही. एक ग्रॅम फॅटला ९ कॅलरी, साखरेला ४. म्हणून दाणे मूठभरच, हे आधी त्याला मान्य कर, मग पुढचं बोल. माझं तो ऐकत नाही, मी धाकटा. त्याची गालफडं बसलीत, बंड्या.

तुझ्या नव्या नोकरीचं कळलं, फार आनंद झाला. पिल्लू चालायला लागलं का? वहिनींना नमस्कार.

रविवारी सकाळी दादा घरी असतो. तेव्हाच फोन कर, आणि मी लिहिलंय हे सांगू नकोस.

तुझाच,
मित्र