दारावरचा पोचा

सोलापूर,
९ डिसेंबर

प्रिय दोस्ता,

काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि रात्री नीट झोप लागली नाही बघ. दसऱ्याला घेतलेली गाडी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाहीस, आणि बाजारात लावलेली असताना कुणीतरी शेजारून दार आपटून निघून गेलं. "एवढ्याशा पोच्याचं काय घेऊन बसलास" असं सगळे म्हणतात म्हणालास. मी म्हणणार नाही. आपल्या दोघांचे बाप सायकलवर डबा लटकवून मिलच्या भोंग्याला पळायचे. त्या घरात गाडी आली आहे. तिच्यावर पहिला पोचा पडला की पोटात कालवतं, आणि ते कालवणं खरं असतं.

तू ऑफिसात होतास म्हणून घाईत बोललो. आता सविस्तर लिहितो, पण सगळ्यात आधी हे वाच. त्या गॅरेजवाल्याला गाडी देऊ नकोस. "पुट्टी भरून अख्ख्या दाराला रंग मारून देतो, नव्यासारखं होईल" असं तो म्हणाला ना? तू पाठवलेल्या फोटोत मला रंग कुठं फुटलेला दिसत नाही. रंग शाबूत असेल तर त्या दाराला सँडपेपर लागताच कामा नये.

का ते सांगतो. कंपनीत गाडी रंगवतात तेव्हा ती नुसता पत्र्याचा सांगाडा असते. काच नाही, वायर नाही, सीट नाही. तो आख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहानं गंजरोधक थर चढवतात. कानाकोपऱ्यात, दाराच्या आतल्या बाजूलाही तो पोचतो. मग प्रायमर, रंग आणि वर पारदर्शक क्लिअर कोट, आणि वरचे थर १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजून पक्के करतात. तीच गाडी गॅरेजात जाते तेव्हा तिच्या पोटात वायरिंग, रबर, प्लास्टिक सगळं असतं. रंग मारायचा बूथ कितीही चांगला असला तरी ६० अंशांच्या फार पुढं जाता येत नाही. लहान गॅरेजात तर उन्हातच वाळवतात. कंपनीच्या सगळ्या थरांची मिळून जाडी किती, तर ०.१ मिलिमीटरच्या आसपास. एवढा पातळ, एवढा पक्का थर एकदा घासून काढला की कुठलंच गॅरेज तो परत देऊ शकत नाही. शिवाय तुझी गाडी सिल्व्हर. मेटॅलिक रंगात चकाकीचे कण फवारताना कसे बसले यावर शेड ठरते. रंगाचा कोड तोच वापरला तरी संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दार वेगळं आणि फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, वेगळा दिसण्याची भीती राहते.

हे मी कुठं शिकलो? माझ्याच गाडीवर.

मागच्या वैशाखात विजापूर रोडवर एका कार्यालयात लग्न होतं. आपल्याकडचं ऊन तुला माहीत आहे, पारा ४३ वर. आवारात कडुनिंबाचं एकच मोठं झाड आणि त्याच्या सावलीत चार गाड्यांच्या जागेत सात गाड्या घुसवलेल्या. मीही तिथंच घुसवली. जेवून आलो, तर ड्रायव्हरच्या मागच्या दारावर रुपयाएवढा पोचा आणि मधोमध एक पांढरी रेघ. शेजारची गाडी गेलेली. चिठ्ठी नाही, काही नाही. मी त्या झाडाखाली किती वेळ उभा होतो कोण जाणे. सोलापुरात उन्हाळ्यात दारं ठोकली जातात ती या सावलीपायी, हे मला त्या दिवशी लक्षात आलं.

ती पांढरी रेघ चरा वाटली होती. नखानं पाहिलं तर नख अडकत नव्हतं. तो शेजारच्या गाडीचा रंग आमच्या दारावर बसला होता. ओल्या मऊ कापडावर थोडं रबिंग कंपाउंड घेऊन हलक्या हातानं चोळलं, पाच मिनिटांत गेला. तूही आधी तेवढं कर. थिनर मात्र लावू नकोस, कुणी काहीही सांगो.

पोच्यासाठी पहिल्या गॅरेजात ३,८०० रुपये सांगितले, दार रंगवून. घरी येऊन मी मोबाइलवरचे सगळे उपाय केले. हेअर ड्रायरनं तापवून बर्फ चोळला. काही झालं नाही. रबरी कप लावून ओढलं. तो कप मोठ्या, उथळ खळग्यालाच धरतो, रुपयाएवढ्या पोच्याला त्याची पकडच बसत नाही. गरम पाण्याचा उपाय खरा आहे, पण तो प्लास्टिकच्या बंपरसाठी. बंपर दबला तर उकळतं पाणी ओतून, जाड हातमोजे घालून आतून दाबायचं, बहुतेक वेळा पुन्हा फुगतो. पत्र्याला त्या पाण्याचं काही नाही.

शेवटी मेकॅनिक चौकात विचारत विचारत एका चाचांकडं पोचलो. दुकान कसलं, पत्र्याच्या शेडखाली एक स्टूल आणि भिंतीला टांगलेल्या वीस-पंचवीस लोखंडी सळ्या. कुणी टोकाला वाकडी, कुणी बोटासारखी, कुणाच्या टोकाला चामडं गुंडाळलेलं. चाचांनी दारावरून तळवा फिरवला, पोचा डोळ्यांनी बघायच्या आधी हातानं बघितला. म्हणाले, "रंग साबूत है ना? फिर कायको रंगाते? पत्रे को याद रहता, वो किधर था."

मग त्यांनी दाराला समांतर एक ट्यूबलाइट उभी केली आणि मला त्यांच्या खांद्यामागून बघायला लावलं. दारावर ट्यूबची सरळ पांढरी रेघ पडली होती आणि पोच्याजवळ ती वळून आत ओढली गेली होती. चादरीत एखादा धागा ओढला गेला की शेजारच्या रेघा कशा चुण्या खातात, अगदी तसं. काच खाली घेऊन रबरी पट्टीच्या फटीत पाचर घातली, काचेवर प्लास्टिकची पट्टी सरकवली आणि एक सळी आत सोडली. पहिली पाच मिनिटं नुसतं टोक कुठं आहे ते शोधत होते. सळी आत जराशी हलली की बाहेर ट्यूबच्या रेघेत बारीक लहर उठायची, त्यावरून त्यांना कळायचं.

आता यातली खुबी ऐक. माझी समजूत होती की मधोमध दाबलं की पोचा बाहेर येईल. चाचा मधोमध गेलेच नाहीत. पोचा पडताना मधला पत्रा आत जातो तसं त्याच्या भोवती बारीकसं कडं वर येतं. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतं. मधेच दाबलं तर टोक वर येतं आणि कडं तसंच राहतं. म्हणून ते कडेकडेनं, गोल गोल, मोहरीएवढं एकेक दाबत आत सरकत होते. मधूनच बाहेरून नायलॉनच्या गोल टोकाची दांडी कड्यावर ठेवून हातोडीनं टकटक करायचे. दाराचा बाहेरचा पत्रा जेमतेम ०.७ मिलिमीटर असतो, एक दाब जास्त झाला तर बाहेर फोड येणार. पाऊण तास चाललं ते. हळूहळू रेघेतली चुणी बारीक झाली, मग केसाएवढी राहिली, मग मला शोधूनही सापडेना. १,२०० रुपये घेतले. मी दारावरून हात फिरवला आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

हल्ली याला पेंटलेस डेंट रिपेअर म्हणतात, पीडीआर. तुमच्या रत्नागिरीत नाही तर कोल्हापुरात कुणीतरी करत असेल, याच नावानं विचार.

सगळेच पोचे असे निघत नाहीत. रंगाला तडा गेला असेल, पोचा दाराच्या काठावर असेल, किंवा बॉडीच्या धारेवर पडून पत्र्याला घडी बसली असेल तर पत्रा ताणला गेलेला असतो, तो पुरता सरळ होत नाही. तिथं पुट्टी आणि रंगाला पर्याय नाही. गरम गोंदानं टॅब चिकटवून बाहेरून ओढायचाही प्रकार आहे, पण आधी कधी रंगवलेल्या दारावर तो करू देऊ नकोस, रंगाची खपलीच निघून येते.

आणि तुझ्यासाठी खास एक सांगायचंय, कारण तू समुद्राकाठी राहतोस. इथं कोरड्या हवेत उघडा पडलेला पत्रा महिना-दोन महिने धकून जातो. तुमच्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस त्याला सोडणार नाही. दारावर कुठंही नख अडकेल असा चरा दिसला, आत राखाडी किंवा चकचकीत धातू दिसला, तर त्याच आठवड्यात बंद कर. गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पट्टीवर रंगाचा कोड असतो, त्याची टचअपची बाटली आण. पत्रा उघडा असेल तर आधी प्रायमरचा ठिपका, मग टूथपिकच्या टोकानं रंग, पातळ पातळ, एक वाळल्यावर दुसरा. रंग वाळताना आकसून खाली बसतो, म्हणून एकाच वेळी भरू नकोस. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची छोटी भोकं असतात, तीही मातीनं बुजू देऊ नकोस. दार आतून गंजायला लागलं की बाहेर फुगा येईपर्यंत पत्ता लागत नाही.

विम्यात टाकू का विचारलंस. माझा हिशोब सांगतो. सलग तीन वर्षं क्लेम नाही म्हणून नूतनीकरणाला ३५ टक्के नो क्लेम बोनस मिळणार होता. गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता ९,००० धरला तर सूट ३,१५० ची. क्लेम केला असता तर ती शून्यावर आली असती आणि पुढच्या वर्षी पुन्हा २० पासून सुरुवात. वर माझ्या पॉलिसीत पहिले १,००० आपल्या खिशातले. म्हणजे ३,८०० च्या कामासाठी ४,१५० घालवायचे. रुपयाएवढ्या पोच्यासाठी नकोच.

त्यानंतर मी गाडी लावायची पद्धतच बदलली. सावली सोडली. आवाराच्या टोकाची जागा घेतो, एका बाजूला भिंत किंवा खांब असेल अशी, आणि भिंतीकडं सरकून लावतो म्हणजे दुसऱ्या बाजूला दार उघडायला ऐसपैस जागा राहते. ऊन लागतं, पुढच्या काचेला पडदा लावतो. शंभर पावलं जास्त चालावं लागतं, चालतो. उतारावर लावलेल्या गाडीच्या खालच्या बाजूला थांबत नाही, तिचं दार हातातून सुटलं की आपल्यावरच येतं. वळवाच्या आधी वावटळ सुटते तेव्हा तर दार दोन्ही हातांनी धरायचं.

सगळ्यात मोठा धोका मात्र मोटारसायकलींचा. नव्या पेठेत भर दुपारी डांबर इतकं मऊ होतं की साइड स्टँड त्यात रुततो आणि उभी गाडी हळूहळू कलंडते. माझ्या डोळ्यांदेखत एक स्कूटर अशी कलंडून कारच्या फेंडरवर टेकली, हँडलचं टोक थेट पत्र्यात. साइड स्टँड डावीकडं असतो, म्हणजे ती पडते डावीकडं. तिच्या डाव्या बाजूला आपली गाडी कधीच लावायची नाही. रांगेच्या उजव्या टोकाला जागा असेल तरच लावायची, तीही हातभर अंतर सोडून.

एक गोष्ट अजून कुणाला सांगितली नाही. पावसाळ्यात हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकाला गेलो होतो. धाकट्यानं मागचं दार धाडकन उघडलं आणि शेजारच्या पांढऱ्या गाडीला लागलं. बारीकच पोचा, पण माझ्या दारावर पडला होता तसाच, त्याच उंचीवर. त्याचा चेहरा उतरला. ही म्हणाली, चला आत, नाटक सुरू होतंय. मला हलवेना. तिला आणि थोरलीला आत पाठवलं आणि धाकटा आणि मी गाडीपाशी थांबलो. मध्यंतरात मालक बाहेर आले, वयस्कर गृहस्थ, बहुतेक निवृत्त शिक्षक. मी पोचा दाखवला, नंबर दिला, चाचांचा पत्ता दिला आणि खर्च माझा म्हणून सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू थांबलास होय रे?" दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं चाचांच्या शेडखाली बसून ट्यूबची रेघ सरळ होताना बघत होतो. तेव्हापासून मागच्या दारांचं चाइल्ड लॉक लावलेलं असतं, मुलांसाठी मीच उतरून दार उघडतो. तुझी चिमणीही आता दार उघडायच्या वयाची झाली असेल, तूही लाव.

तू जानेवारीत गड्ड्याला, आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेला, येणार म्हणालास, ते पक्कं कर. गाडी घेऊनच ये. रत्नागिरीत कुणी भेटलं नाही तर आल्या आल्या चाचांकडं जाऊ, मी त्यांना सांगून ठेवतो. आंबा घाटात सावकाश चालव. अक्षता सोहळ्याच्या दिवशी मात्र गाडी आमच्या अंगणातच राहील, होम मैदानापर्यंत आपण चालत जाऊ, शाळेत असताना जायचो तसे. हुरडा तोवर आलेला असेल, शेंगाचटणी आईनं तुझ्यासाठी वेगळी काढून ठेवली आहे.

आणि आज रात्री एवढं कर. गाडी ट्यूबलाइटखाली घे, दाराच्या बाजूला बसून तिरपा फोटो काढ, रेघ कुठं वळते ते दिसलं पाहिजे. तो मला पाठव. रंगाला तडा आहे की नाही ते मी चाचांना दाखवून विचारतो. तोवर त्या गॅरेजवाल्याला दाराला हात लावू देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, चिमणीला गोड पापा.

तुझाच,
सोलापूरचा दोस्त