रात्रीची भूक दुपारीच ठरते

प्रिय सुहास,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजी वाटली, दुसऱ्यांदा जरा रागच आला. राग तुझ्या रिपोर्टचा नाही. रिपोर्ट आल्यापासून तू स्वतःला जे बोलतो आहेस त्याचा. ‘जिभेवर ताबा नाही’, ‘मनानं दुबळा’, ‘माझ्याच्यानं काही व्हायचं नाही’. अर्धं पत्र यातच खर्ची पडलंय. एवढी शिवीगाळ तू माझ्याबद्दल केली असतीस तर मी भांडलो असतो, आणि आता तुझ्या वतीनं तुझ्याशीच भांडणार आहे.

आधी रिपोर्टचं उरकतो. तुझा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगणारा आकडा, ६.१ टक्के आलाय. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी, ६.५ पासून पुढे मधुमेह. म्हणजे दार वाजलंय, पाहुणा अजून आत आलेला नाही. अशाच उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून जास्त लोकांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. ज्यांनी खाणं-पिणं सुधारून वजन सुमारे ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा असं ठरवलं, त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी कमी होतं. तेव्हा हातात बरंच काही आहे. घाबरून सगळं एका दमात बंद करायची गरज नव्हती, पण तू ते केलंसच.

आता तुझा दिवस, तुझ्याच शब्दांत: सकाळी नुसती कॉफी. दुपारी वाटीभर काकडी-टोमॅटो. संध्याकाळी फळांचा रस, ‘हेल्दी’ म्हणून. रात्री घरच्यांबरोबर दोन घास. आणि अकरा वाजता स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बिस्किटांचा अख्खा पुडा. मग पश्चात्ताप, आणि दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून आणखी कडक. अरे, यात दुबळेपणा कुठे आहे? मला तर यात दिवसभर उपाशी ठेवलेला एक माणूस दिसतो, जो रात्री जेवायला उठतो. तेव्हा समोर जे सापडेल आणि जे पटकन तोंडात टाकता येईल, तेच तो खाणार.

एक जुना प्रयोग तुला सांगायलाच हवा. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेनं अर्धपोटी ठेवलं. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं, हे शोधायचं होतं. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला साधारण १५७० कॅलरी मिळत होत्या. (आजकालचे कितीतरी ‘डाएट प्लॅन’ यापेक्षाही खाली जातात, हे लक्षात घे.) हे सगळे युद्धात लढायला नकार दिलेले, तत्त्वासाठी त्रास सोसणारे लोक, निर्धारात कमी पडणारा त्यांच्यात बहुधा कुणी नसेल. आणि तरी काय झालं? त्यांचं बोलणं, विचार, स्वप्नं, सगळं अन्नाभोवती फिरू लागलं. माणसं पाककृतींची पुस्तकं कादंबरीसारखी वाचत बसायची. जेवण पुरवून पुरवून खायची, ताटं चाटायची. आणि प्रयोग संपून पोटभर मिळू लागल्यावरही कित्येकांना कितीतरी दिवस पोट भरल्यासारखं वाटेना.

हे वाचल्यापासून कुणी स्वतःला खादाड म्हणू लागलं की मी आधी विचारतो, दुपारी काय खाल्लंस?

तर माझं म्हणणं एवढंच. रात्री अकराची लढाई सोडून दे. ती तू जिंकणार नाहीस. दिवसभर दमलेला, भुकेलेला माणूस त्या वेळी कोणतीच लढाई जिंकत नाही. तुझा सगळा जोर दुपारच्या ताटावर लाव. ताट भरलेलं असू दे. पोटाला दम धरायला लावणारे दोन पदार्थ त्यात हवेतच: प्रथिनं आणि तंतू. डाळी, कडधान्यं, अंडी, दही, मासे, जे तुला चालतं आणि परवडतं ते. अर्धं ताट भाज्यांचं. धान्य शक्यतो अख्खं, कोंड्यासकट. थोडं तेल, थोडे दाणे; त्यांना घाबरू नकोस, नुसत्या उकडलेल्या पाल्यावर कुणी जन्म काढत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते. तुझी वाटीभर काकडी त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे तू ‘हेल्दी’ खातोस असं तुला वाटत होतं, प्रत्यक्षात तू फक्त कमी खात होतास.

सकाळीही काहीतरी पोटात जाऊ दे. सकाळचं खाणं सगळ्यांना सक्तीचंच असं मी म्हणणार नाही. काही लोक दुपारपर्यंत मजेत राहतात. तू त्यांच्यातला नाहीस, हे तुझ्या बिस्किटांनीच सिद्ध केलंय.

आणि तो रस. फळं बंद केलीस आणि रस सुरू ठेवलास, हे अगदी उलटं झालं. साखर कमी करा असं जेव्हा जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेव्हा वरून घातलेल्या साखरेबरोबर मध, पाक आणि फळांच्या रसातली साखरही मोजते. अख्ख्या फळातली मोजत नाही. मर्यादा सांगते ती दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. कोलाच्या एका ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्येच सुमारे ३५ ग्रॅम असते. तेव्हा साखरेऐवजी मध घालून तू फार काही मिळवलेलं नाहीस. प्यायची साखर तेवढी काढ. खाण्यातल्या साखरेचं नंतर बघू. मला विचारशील तर सगळ्या बदलांत हा सर्वांत स्वस्तातला सौदा आहे, कारण प्यायलेल्या साखरेनं पोट भरल्यासारखं फारसं वाटतच नाही.

आता तू म्हणशील, पोट भरलेलं असतानाही मला गोड हवंच असतं, त्याचं काय? हो, तेही खरं. तल्लफ आणि भूक यांची गल्लत करू नकोस. आपल्याकडे म्हणतातच, भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा. खरी भूक असली की समोर येईल ते चालतं. रात्री स्वतःला विचार: आत्ता साधी भाजी-डाळ दिली तर खाशील? ‘हो’ आलं, तर सरळ ताट वाढून जेव, अपराधी वाटून घेऊ नकोस. ‘नको, चॉकलेटच पाहिजे’ असं आलं, तर ती तल्लफ.

तल्लफेची गंमत अशी की हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनी अनेक वर्षं यावर काम केलंय. डोपामिन हे ‘हवंय, हवंय’ असं ढकलणारं रसायन. खाताना मिळणारं सुख त्याच्यावर फारसं अवलंबून नसतं. म्हणून पुड्यातलं बारावं बिस्किट खाताना मजा कधीच संपलेली असते आणि हात मात्र थांबत नाही. पुढच्या वेळी मुद्दाम लक्ष देऊन बघ, कितव्या घासापर्यंत खरंच चव लागते. मला वाटतं तीन-चारपर्यंत.

दुसरं असं की तल्लफ बरीचशी डोळ्यांसमोरच्या चित्रावर जगते. तो पदार्थ दिसू लागतो, वास आठवतो, आणि आपण त्या चित्रात रंग भरत बसतो. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना तीन मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं (हो, तोच ठोकळे लावायचा खेळ), आणि तल्लफेचा जोर कमी झाल्याचं आढळलं. डोळे आणि मन दुसऱ्या आकृत्यांत गुंतले की आधीचं चित्र फिकं पडतं. मला हा उपाय ‘मन घट्ट कर’ या उपदेशापेक्षा हजार पटींनी आवडतो. खेळ नको असेल तर पंधरा मिनिटं झपझप चालून ये; चॉकलेटच्या बाबतीत त्याचाही उपयोग होतो असं इंग्लंडमधल्याच एक्सेटर विद्यापीठाच्या प्रयोगात दिसलंय. आणि चालून आल्यावरही हवंच असेल तर घे. ताटलीत काढ, बस, खा. पुडा परत आत ठेवून मगच बस. उभ्यानं, अंधारात, चोरासारखं खाणं तेवढं बंद कर, कारण त्यात चव लागत नाही आणि समाधानही होत नाही.

गोड कायमचं वर्ज्य करू नकोस असं माझं मत आहे. जेवणाच्या शेवटी, पोट भरलेलं असताना थोडंसं खाल्लं तर ते थोडंच राहतं. रिकाम्या पोटी सुरुवात झाली की पुड्याचा तळ दिसेपर्यंत थांबणं कठीण.

घरात काय आणून ठेवायचं, याबद्दल मात्र मी कडक आहे. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी वीस जणांना रुग्णालयातच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. दोन्हीकडे ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, स्निग्ध पदार्थ, मीठ, तंतू जुळवलेले, आणि हवं तेवढं खायची मुभा. प्रक्रिया केलेल्या अन्नावर तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि खातही भरभर होती. दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलो वजन वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. कुणाचाही स्वभाव मधल्या काळात बदलला नव्हता, बदललं होतं फक्त ताटातलं अन्न. तेव्हा बिस्किटांचे पुडे ‘पाहुण्यांसाठी’ म्हणून घरात आणणं थांबव. पाहुणे एवढे येत नाहीत, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

लहान ताटली वापरा म्हणजे आपोआप कमी खाल, असले सल्ले तुला कुणीतरी दिलेत म्हणालास. वापरायची तर वापर, पण त्यावर फार भिस्त ठेवू नकोस. अशा युक्त्यांचा सर्वांत मोठा प्रचारक असलेल्या प्राध्यापकाचे अनेक शोधनिबंध २०१८ च्या सुमारास मागे घेतले गेले.

झोपेचं एका परिच्छेदात सांगतो, कारण तू ऐकणार नाहीस हे मला ठाऊक आहे. शिकागो विद्यापीठात २००४ साली बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढलं, पोट भरल्याची वर्दी देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घसरलं, आणि ओढ वाढली ती मुख्यतः गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची. प्रयोग छोटा आहे, पण तुझं रात्री एकपर्यंत मोबाइल बघणं आणि बिस्किटं यांचा संबंध लावायला पुरेसा आहे. अकराला झोपलेला माणूस अकराला खात नाही, इतका सोपा हिशेब.

मोडलं तर काय, हा तुझा खरा प्रश्न. मोडेल, नक्कीच मोडेल. घात करतो तो त्यानंतरचा विचार: ‘आता मोडलंच आहे, तर आजचा दिवस खाऊन घेऊ, सोमवारपासून नव्यानं.’ एका बिस्किटानं तुझं काही बिघडत नाही. ‘सोमवारपासून’ या शब्दानं बिघडतं, कारण मग शुक्रवार-शनिवार-रविवार तुझ्यातला उपाशी माणूस सोमवारच्या धास्तीनं खातो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा मागोवा घेतला होता. सवय अंगवळणी पडायला मधली संख्या ६६ दिवसांची निघाली, पण कुणाला १८ दिवस पुरले तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज आला. एकवीस दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे ऐकू येतं ते विसर. आणि त्यातलंच तुझ्या कामाचं: एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. चुकलं की पुढचं जेवण वेळेवर जेवायचं. शिक्षेचं नव्हे, नेहमीचं.

घरच्यांना पोलीस करू नकोस. ‘मला अडवत जा’ असं तू त्यांना सांगितलंयस, ते मागे घे. कुणी अडवलं की माणूस लपून खायला लागतो. त्याऐवजी दुपारचा डबा भरताना मदत माग.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. वजन पटापट उतरायला लागलं, तहान किंवा लघवी फार वाढली, किंवा रात्रीचं खाणं असं होऊ लागलं की थांबताच येत नाही आणि नंतर स्वतःची किळस येते, तर पत्र मला लिहू नकोस, आधी डॉक्टरांकडे जा. शेवटच्या गोष्टीवरही उपचार आहेत. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि पुढे कधी मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्या, तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नकोस.

आता उत्तरात मला वजन कळवू नकोस, रात्री किती बिस्किटं खाल्लीस तेही नको. या आठवड्यात दुपारी काय काय जेवलास एवढंच लिही, आणि भाजी तुझी तूच केलीस की कुणाकडून करून घेतलीस तेही. मागच्या वेळी तू केलेल्या भाजीत मीठ इतकं पडलं होतं की त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
अनंत