मंत्रिमहोदय, एएमसीचे पैसे नेमके कुणाला मिळतात?

प्रति,
माननीय मंत्री,
इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : सरकारी संगणक प्रणालींच्या वार्षिक देखभाल करारातला (एएमसी) काही हिस्सा ओपन सोर्स प्रकल्पांच्या देखभालीसाठी राखून ठेवण्याबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी सांभाळतो, म्हणजे इतर सॉफ्टवेअरांत जोडायचा, कुणालाही फुकट वापरता-बदलता येणारा कोडचा संच. देवनागरी मजकूर पीडीएफमध्ये उतरवताना अक्षरं तुटू नयेत, एवढंच तिचं काम. ती कोण कोण वापरतं हे मला ठाऊक नसतं, कारण वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. काही बिघडलं की मगच कळतं. मध्यंतरी एका सरकारी कार्यालयाचं काम घेतलेल्या कंत्राटदार कंपनीतल्या एका मुलाची मेल आली. दाखल्यावर ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव छापताना ‘ऱ्ह’मधला र सुटा पडत होता आणि त्याच्या पायाशी हलन्त लोंबत होता. स्क्रीनशॉट जोडलेला, आणि खाली : ‘सर, काइंडली डू द नीडफुल ऑन प्रायॉरिटी. उद्या साहेबांपुढे डेमो आहे.’ रात्री बसून दुरुस्त करून दिलं. सकाळी उत्तर आलं, ‘नोटेड.’

त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्या डोक्यावर साहेब, साहेबाच्या डोक्यावर करारातल्या दंडाचं कलम. पण त्या कंपनीला त्या प्रणालीच्या देखभालीचे पैसे मिळत होते, आणि ते करदात्यांचे होते. सरकार देखभालीवर खर्च करत नाही अशी माझी तक्रारच नाही. करतं, दरवर्षी करतं. एएमसीची तरतूद होते, बिलं निघतात, ऑडिट होतं. फक्त ज्यानं दुरुस्ती केली त्याच्यापर्यंत त्यातला रुपयाही जात नाही, आणि जायला वाटही नाही. ती वाट काढावी, एवढ्याचसाठी हे पत्र.

निविदेत ‘संपूर्ण प्रणालीची देखभाल’ असे शब्द असतात. त्या संपूर्ण प्रणालीत कंत्राटदारानं स्वतः लिहिलेलं काय असतं? अर्जाचे फॉर्म, अहवाल, लॉगिनचं पान, खात्याचे नियम. त्याखाली लिनक्स ही ऑपरेटिंग प्रणाली असते, माहिती साठवणारं पोस्टग्रेएसक्यूएल असतं, इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणारं ओपनएसएसएल असतं, आणि या मोठ्या नावांच्या आडोशाला शेकडो लहान लायब्रऱ्या असतात. त्यांची नावं कंत्राटदाराच्या प्रकल्प व्यवस्थापकालाही सांगता येणार नाहीत. तिथं काही बिघडलं की कंत्राटदाराचा माणूस त्या प्रकल्पाकडे तक्रार नोंदवतो आणि वाट बघतो. तीन महिन्यांनी बिल मात्र संपूर्ण प्रणालीचं लागतं.

हे पत्र आपल्या कार्यालयात कुणी अँड्रॉइड फोनवर उघडलं, तर त्यातलं प्रत्येक जोडाक्षर हार्फबझ नावाच्या ओपन सोर्स लायब्ररीनं जुळवलेलं असेल. क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस हे सगळे तिच्यावरच चालतात. युनिकोडमध्ये ‘क्ष’ असा तयार साठवलेला नसतो. क, हलन्त, ष असे तीन संकेत ओळीनं येतात. त्यांचं जोडाक्षर करायचं, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या अलीकडे आणून ठेवायची, रफार उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवायचा, हे सगळं ऐन वेळी होतं. मराठीचं दुखणं आणखी थोडं वेगळं. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला र हिंदीला लागतच नाही. ल आणि श यांची वळणंही आपली निराळी. हिंदी नीट दिसलं म्हणून मराठी नीट दिसेल असं नसतं, आणि चाचणी बहुतेक वेळा हिंदीवरच थांबते. हार्फबझचे मुख्य लेखक बेहदाद एस्फाबोद हे रेड हॅट, गूगल, फेसबुक अशा कंपन्यांत नोकरीला होते, म्हणून हे काम उभं राहिलं. भारतीय लिप्यांचे लोहित फॉन्ट २००४ मध्ये रेड हॅटनं मुक्त केले आणि पुढे पुण्यातल्या त्यांच्या अभियंत्यांनी सांभाळले. म्हणजे आपल्या लिपीची निगा परदेशी कंपन्यांच्या मर्जीवर राहिली. मर्जी होती तोवर काम उत्तम झालं, हे कबूल करायलाच हवं. पण कंपनीचा प्राधान्यक्रम बदलला तर आपण कुणाकडे जाणार, याचं उत्तर कुठल्याच मंत्रालयाच्या फायलीत नाही.

मर्जीतल्या कंपन्याही जिथे नसतात तिथे काय होतं, ते एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाच्या सुरक्षेतल्या चुकीनं दाखवलं. बँकांपासून ईमेलपर्यंत निम्म्या जगाचं कुलूप असलेल्या ओपनएसएसएलमध्ये दोन वर्षं भोक होतं. त्या प्रकल्पाला देणग्या मिळत होत्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक. बोभाटा झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन पैसे काढले.

त्याहून जास्त लक्ष आपण एक्सझेडच्या प्रकरणाकडे द्यावं, कारण त्यात चूक नव्हती, डाव होता. एक्सझेड हे फाइल आकसून लहान करणारं साधन. जवळपास प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर ते असतं. लासे कॉलिन नावाचे फिनलंडचे गृहस्थ ते वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्यानं सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी मंडळींनी त्यांच्यामागे तगादा लावला : नव्या आवृत्त्या का निघत नाहीत, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. कॉलिन यांनी सरळ लिहिलं की आपली मानसिक प्रकृती बऱ्याच काळापासून ठीक नाही, आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे याचं भान ठेवा. तगादेवाल्यांतलं एक नाव होतं ‘जिगर कुमार’. हा माणूस बहुधा अस्तित्वातच नव्हता. पण ‘काम का अडलंय’ म्हणून एका थकलेल्या स्वयंसेवकाला हैराण करणाऱ्याला भारतीय वाटणारं नाव द्यावंसं कुणाला तरी सुचलं, आणि ते कुणाला खटकलं नाही. माझ्या इनबॉक्सकडे बघता मलाही खटकलं नसतं.

मदतीला धावून आला ‘जिया टॅन’. दोनेक वर्षं त्यानं चोख काम केलं, विश्वास मिळवला, आवृत्ती प्रसिद्ध करण्याचे अधिकार मिळवले, आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेएसक्यूएलवर काम करणारे अभियंते आपलं वेगळंच मोजमाप करत बसले होते. दूरच्या सर्व्हरमध्ये शिरायच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून ते खोदत गेले आणि २९ मार्च २०२४ ला हे उघडकीला आलं. लिनक्सच्या बहुतेक मोठ्या वितरणांच्या (तयार संचांच्या) स्थिर आवृत्त्यांत तो दरवाजा तोवर पोचला नव्हता. जगातल्या कुठल्याही सरकारच्या सुरक्षा यंत्रणेनं हे पकडलं नाही. एका माणसाला अर्धा सेकंद खुपला, म्हणून वाचलो. हा डाव सुरू झाला तेव्हा कॉलिन यांच्या जोडीला एक पगारी सहकारी असता, तर जिया टॅनला घरात शिरायला जागाच मिळाली नसती असं माझं मत आहे.

आता आपल्या घरचं. आपल्याच मंत्रालयानं २०१५ मध्ये सरकारी प्रणालींत ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. ते वापरायचं नसेल तर कारण द्या, असा त्याचा रोख. धोरण चांगलंच आहे. आयआयटी मुंबईतल्या फॉसी प्रकल्पाला केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचा निधी मिळतो आणि तिथून महाविद्यालयांमध्ये ओपन सोर्सचा प्रसार झाला, तेही चांगलं. पण या सगळ्याचा भर वापर वाढवण्यावर. जे वापरायला घेतलं त्याची निगा कोण राखणार, हा रकाना कोराच राहिला.

जर्मनीनं तो भरला. २०२२ मध्ये तिथल्या केंद्र सरकारच्या पैशातून सॉव्हरिन टेक फंड सुरू झाला. नवी अॅप काढायला नाही, जुन्या पायाभूत प्रकल्पांच्या डागडुजीला. कर्ल, लॉगफोरजे अशांना त्यातून मदत मिळाली, लिनक्सवरच्या जीनोम या डेस्कटॉपला २०२३ मध्ये दहा लाख युरो मिळाले. हे प्रकल्प ‘जर्मन’ आहेत का, हा मुद्दा त्यांनी आडवा आणला नाही. आपल्याकडे बंगळुरूच्या झेरोधानं २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जगभरच्या ओपन सोर्स प्रकल्पांसाठी जाहीर केला. एक शेअर दलाल कंपनी करू शकते ते भारत सरकारला जड जाईल असं मला वाटत नाही.

पैसे जड नाहीत, दार अरुंद आहे. समजा, उद्या एखाद्या खात्यातल्या सज्जन उपसचिवांना माझ्या लायब्ररीच्या देखभालीसाठी वर्षाला दोन लाख द्यावेसे वाटले. ते देणार कसे? खरेदी म्हणावी तर जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नोंदणी, जीएसटी क्रमांक, अनामत रक्कम, मागच्या तीन वर्षांची उलाढाल, तत्सम कामाचा अनुभव दाखला. दरपत्रकं तीन हवीत. जिचा लेखक जगात एकच आहे तिची दुसरी दोन दरपत्रकं कोण देणार? आणि वस्तू तर आधीच फुकट उपलब्ध आहे, मग घेतलं काय, असा ऑडिटचा शेरा येणारच. अनुदान म्हणावं तर संस्था नोंदणीकृत पाहिजे, उपयोगिता प्रमाणपत्र पाहिजे, भौतिक प्रगती अहवाल पाहिजे. ‘या तिमाहीत काहीही बिघडलं नाही’ हा देखभालीचा खरा प्रगती अहवाल, पण तो कुठल्याच नमुन्यात बसत नाही. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा माणूस, परदेशात असेल तर पैसे पाठवताना करकपातीची आणि चार्टर्ड अकाउंटंटच्या प्रमाणपत्राची वेगळी भानगड. उपसचिव फाइल बंद करतील आणि मी त्यांना दोष देणार नाही.

म्हणून माझी सूचना नवा निधी मागण्याची नाही. सर्ट-इन या आपल्याच अखत्यारीतल्या सायबर सुरक्षा संस्थेनं २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांच्या यादीबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. कुठल्या प्रणालीत कोणती लायब्ररी, कोणत्या आवृत्तीची, याची ही यादी, म्हणजे एसबॉम. सुरक्षेसाठी ती मागितली जाते. तीच यादी पैसे वाटायलाही वापरता येईल. नव्या निविदेत एक कलम घाला : एएमसीच्या रकमेतला एक टक्का कंत्राटदारानं यादीतल्या ओपन सोर्स घटकांच्या देखभालीसाठी द्यायचा, पावती बिलाला जोडायची, पावती नसेल तर तो टक्का बिलातून कापायचा. जीएसटी, अनामत, उलाढाल हे सगळं कंत्राटदाराकडे आधीच आहे. परदेशी पैसे पाठवायची यंत्रणाही मोठ्या कंपन्यांकडे असते. सरकारला एकही नवं खातं उघडावं लागत नाही. पैसे घ्यायला कुणी तयार नसेल, आणि असे मेंटेनर पुष्कळ आहेत, त्यांना सरकारी पैशाचं लचांड नको असतं, तर तेवढ्या किमतीचे कंत्राटदाराच्या अभियंत्याचे तास द्या. चाचण्या लिहा, दस्तऐवज नीट करा, जुन्या तक्रारी निपटा. काही प्रकल्पांना पैशापेक्षा हे जास्त उपयोगी पडेल.

कंत्राटदार तो एक टक्का दरात चढवून मागतील, हे मला कळतं. मागू देत. आज तेच काम फुकटात करून घेऊन ते पूर्ण दर लावतात, निदान उद्या त्याची नोंद तरी राहील. आपल्याच माणसांच्या बनावट प्रकल्पांना पैसे वळवणं हा धोका खरा आहे. म्हणूनच घटकाचं नाव यादीत असलं पाहिजे आणि यादी सर्ट-इननं पडताळलेली पाहिजे.

एक विनंती मात्र हात जोडून : यावर उपाय म्हणून हॅकेथॉन भरवू नका. छत्तीस तास जागून पोरं नवं काहीतरी बनवतात, व्यासपीठावर पुठ्ठ्याचा भला मोठा धनादेश देऊन फोटो निघतो, आणि सोमवारी त्या कोडकडे कुणी फिरकत नाही. जुन्या कोडमधला बग काढणाऱ्याला पुठ्ठ्याचा धनादेश मिळाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आणखी एक अडचण पैशाची नाही, पण आपल्या अखत्यारीत येऊ शकते. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर संख्येनं अमेरिकेखालोखाल आपलीच मंडळी आहेत, तरी मेंटेनरांत भारतीय नावं त्या मानानं तुरळक. एक कारण नोकरीच्या करारात सापडतं. कर्मचाऱ्यानं घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर, रविवारी लिहिलेलं कोडही कंपनीच्या मालकीचं, असं कलम आपल्याकडच्या अनेक कंपन्या घालतात. तरुण मुलं ते वाचून गप्प बसतात, किंवा टोपणनावानं काम करतात. सरकारी कामं घेणाऱ्या कंपन्यांना हे कलम काढण्याची अट घालता येईल. त्याला तर एक टक्काही लागत नाही.

सुरुवात लहान करावी. आपल्या मंत्रालयाचं एखादं संकेतस्थळ निवडा, त्याच्या घटकांची यादी कंत्राटदाराकडून घ्या आणि जाहीर करा. सुरक्षेच्या कारणानं आवृत्त्यांचे क्रमांक झाका, नावं पुरेत. त्यातल्या कुठल्या लायब्ररीमागे एकच माणूस उभा आहे, कुठली दोन वर्षं कुणी हातात घेतलेली नाही, कुठल्या मेंटेनरनं ‘आता जमत नाही’ असं लिहून ठेवलंय, हे शोधून द्यायला पुण्या-मुंबईतले आमच्यासारखे लोक तयार आहेत. एक शनिवार-रविवार पुरेल. त्याचं बिल लावणार नाही, दरपत्रकही मागू नये.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
पुण्यातला एक मेंटेनर