शेवटच्या माणसाला पहिली चिठ्ठी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, मतदानाच्या मशीनवर विश्वास ठेवायचा म्हणजे नक्की कुणावर?" तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी विषय टाळला. तीनदा इलेक्शन ड्यूटी केलेल्या बाईला हे शोभत नाही, म्हणून लिहिते.

अगं, विश्वास ठेवा असं तिथे कुणी म्हणतच नाही. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे खऱ्या मतदानाआधीची चाचणी. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या पक्षांचे पोलिंग एजंट एकाच बाकावर डोळे चोळत बसलेले. त्यांच्यासमोर निदान ५० मतं टाकायची, कंट्रोल युनिटचा, म्हणजे मतं नोंदवणाऱ्या भागाचा, आकडा व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे प्रत्येक मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्यांशी जुळवायचा, मग 'क्लिअर' दाबून शून्य दाखवायचं. ते क्लिअर राहून जाईल याची मला एवढी धास्ती, की तळहातावर पेनाने लिहून ठेवलं होतं. चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सीलबंद, मशीनच्या सीलवर एजंटांच्या सह्या. संध्याकाळी एकूण मतांचा हिशेब १७-सी नमुन्यात भरून त्याची प्रत एजंटांना. मोजणीच्या दिवशी मशीनचा आकडा त्या कागदाशी जुळला नाही, तर ते गप्प बसतील का? शिवाय प्रत्येक विधानसभा मतदारसंघात चिठ्ठ्या टाकून ५ केंद्रं निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या हाताने मोजतात. मशीनच्या पोटातलं मला काही कळत नाही. पण संशयी माणसं समोरासमोर बसवण्याची युक्ती कळते.

मला सगळ्यात आवडतो तो संध्याकाळी सहाचा नियम. सहाला जे रांगेत आहेत त्या सगळ्यांना मत देता येतं, मग रात्र का होईना. त्यांना नंबरच्या चिठ्ठ्या द्यायच्या, पण शेपटाकडून! शेवटच्या माणसाला १ नंबर. पुढून वाटत गेलं तर मागे माणसं येऊन चिकटत राहतात.

तरी त्या दिवशी चूक झालीच. दुपारी एक आजी आल्या, तर यादीत त्यांच्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेलेलं. मत द्यायला आलेल्याच्या ओळखीबद्दल एजंटाला शंका आली तर दोन रुपये भरून हरकत घेता येते, पण कुणालाच आली नाही, मलाही नाही. नियमाप्रमाणे आजींना छापील मतपत्रिका दिली. त्याला प्रदत्त मत म्हणतात. ते वेगळ्या पाकिटात जातं आणि कोर्टाने सांगितल्याशिवाय मोजत नाहीत. आजींनी समाधानाने बोटाची शाई पदराला लागू नये म्हणून हात लांब धरला आणि निघाल्या. मोजत नाहीत हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्या रात्री झोप आली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई उत्तर-पश्चिमचा लोकसभेचा निकाल ४८ मतांनी लागला होता, तो सारखा डोक्यात येत होता.

मतदार यादीत नाव घालायचा तुझा नमुना ६ भरून झाला का ते कळव. आधारवरचा पत्ता अजून जुन्या घराचा आहे, तो आधी बदल. आणि डबा परत पाठव, झाकणासकट.

तुझी आई